एव्हिसचा तोल आणि टॉलिव्हरचं मनगट

शुक्रवारी संध्याकाळी, पर्थपासून लांबच्या आमच्या कुरावी गावात, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्स खेळाच्या क्लबात मटणाच्या सोडतीला फार तर साठ माणसं येतात. त्या शुक्रवारी दीडशे आली. खुर्च्या संपल्या, लोक बारला टेकून उभे राहिले आणि सोडतीत लागलेली मेंढीची तंगडी टेबलावर तशीच पडून राहिली. ज्याला ती लागली होती तो डेस्मंड हॉबडे खोलीच्या मधोमध उभा होता. पाय जुळवलेले, डावा हात आडवा पसरलेला, चेहरा लस टोचून घ्यायला आणलेल्या मुलासारखा.

"दाबू का, डेस?" पट्टे विकायला बाहेरगावाहून आलेल्या रेक्स टॉलिव्हरने विचारलं.

"दाब की! विचारतोस काय?"

टॉलिव्हरने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हलकेच दाबली. डेस्मंड गव्हाची शेती करतो, वजन एकशे वीस किलो, दोन्ही गुडघे गेलेले. तो सरळ बाजूला कलंडला. शेजारच्या चौघांनी धरला म्हणून बरं, नाहीतर बारची काच गेली असती.

मग टॉलिव्हरने खिशातून काळा पट्टा काढला, एका अंगाला छोटं वर्तुळ कोरलेली चमचमती चकती बसवलेला. तो डेस्मंडच्या गुडघ्याला बांधला. "आता पुन्हा," म्हणाला आणि या वेळी त्याने अख्खा पंजा लावला, अंगाचा भार टाकला, लालबुंद झाला, त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. डेस्मंड ढिम्म हलला नाही.

"आईशप्पथ!" डेस्मंड म्हणाला. "मला काहीच वाटलं नाही रे!"

टाळ्यांनी पत्रा हादरला. माझी थोरली बहीण एव्हिस माझ्या शेजारी बसली होती. टाळ्या वाजवता वाजवता तिचे डोळे भरून आले होते. ते मला अजिबात आवडलं नाही.

"मित्रांनो," टॉलिव्हर सुरू झाला, "तुमचा गुडघा झिजलेला नाही. तुमचा गुडघा रुसलाय! त्याची फ्रिक्वेन्सी हललीय. रेडिओ खरखरला तर तुम्ही काय करता? रेडिओला एका पायावर उभं करून व्यायाम करायला लावता?" हशा. "रेडिओचं ऑपरेशन करता?" आणखी हशा. "नाही! तुम्ही स्टेशन लावता. हा पट्टा स्टेशन लावतो. चौदा वर्षं मी पाणबुडीवर होतो. तिथे मला एका जपानी म्हाताऱ्याने हे गुपित दिलं."

जपानी म्हातारा पाणबुडीत कसा शिरला हे कुणी विचारलं नाही. मी बत्तीस वर्षं कुरावीच्या धान्यकोठाराचा वजनकाटा सांभाळला. गव्हाचे ट्रक काट्यावर यायचे आणि दर हंगामात एखादा तरी ड्रायव्हर रिकाम्या ट्रकचं वजन कमी दिसावं म्हणून मागचं चाक अर्धं बाहेर ठेवून बघायचा. त्यामुळे माझा काट्यावर विश्वास आहे, ड्रायव्हरवर नाही.

तरीही त्या दिवशी मला काही सापडलं नाही. एक गोष्ट तेवढी खटकली. आमच्यातल्या एकाने हात वर करून विचारलं, "चकतीचं छोटं वर्तुळ आतल्या बाजूला ठेवायचं की बाहेरच्या?"

टॉलिव्हर क्षणभर गडबडला. "तुम्हाला काय वाटतं?"

"चेंडूला असतं तसं. आत."

"शाबास! आतच!" टॉलिव्हर टेबलावर थाप मारून म्हणाला. "हा माणूस बघा, याला न सांगता कळलं! मित्रांनो, शरीरालाही कल असतो, अगदी तुमच्या चेंडूसारखा!"

इथे आमची माणसं गळाला लागली. आमचा चेंडू सरळ जात नाही. तो एका अंगाने वेगळा घडवलेला असतो आणि त्या अंगाकडे वळत जातो. हा त्याचा कल. कुठल्या अंगाला कल आहे ते कळावं म्हणून एका बाजूला छोटं वर्तुळ असतं, दुसऱ्या बाजूला मोठं. चेंडू उलटा धरून टाकला तर तो भलतीकडे पळतो आणि टाकणाऱ्याला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. अख्खा जन्म छोटं वर्तुळ आत की बाहेर हे बघण्यात घालवलेल्या माणसांना सांगितलं की तुमच्या गुडघ्याचंही तसंच आहे, तर ती लगेच मान डोलावणार. टॉलिव्हरला हे माहीतसुद्धा नव्हतं, आम्हीच त्याला शिकवलं.

त्या संध्याकाळी त्रेचाळीस पट्टे गेले. त्यातला एक एव्हिसच्या गुडघ्यावर होता; टॉलिव्हरने तिलाही दाबून बघितलं होतं आणि ती हलली नव्हती.

एव्हिस शहात्तर वर्षांची आहे, एकटी राहते. फेब्रुवारीत ती धुण्याच्या खोलीत पडली आणि अकरा तास फरशीवर होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते आणि तरी ती म्हणाली, "उशीर केलास." तिची मुलगी पर्थहून आली, वृद्धाश्रमात नाव घालून गेली. दोघींचं ठरलं, आणखी एकदा पडली तर घर विकायचं. एव्हिसने सही केली. घर म्हणजे तिचा नवरा, तिची लिंबाची झाडं, तिचं सगळं.

तेव्हापासून ती दर मंगळवारी दहा वाजता क्लबाच्या मागच्या खोलीत मेले फिफिताकडे जात होती. मेले मोठ्या गावच्या दवाखान्यातली फिजिओ, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली, आम्हा सगळ्या बायकांना आंटी म्हणते आणि दटावते पण. तिच्याकडे काडेपेटीएवढ्या तीन डब्या होत्या. एक कमरेला मागे बांधायची, दोन नडग्यांना. त्या सेन्सरवरून टॅबलेटवर एक ठिपका दिसायचा, भोवती वर्तुळ. तुम्ही डुललात की ठिपका डुलणार, वर्तुळाबाहेर गेला की डबी टीं करून ओरडणार.

"संधिवातात गुडघा नुसता दुखत नाही, आंटी," मेले सांगायची. "तो कुठे आहे, किती वाकलाय, हे मेंदूला नीट कळवत नाही. ही डबी तुम्हाला ते दाखवते. बघून बघून तुम्ही सावरायला शिकायचं."

चार महिन्यांत एव्हिस दुखऱ्या पायावर उभं राहण्यात चार सेकंदांवरून अकरा सेकंदांवर आली होती. पट्टा बांधला आणि पुढच्याच मंगळवारी तिने दांडी मारली. मी तिच्या घरी गेले.

"मेलेने घरी सरावाला दिलेल्या डब्या परत पाठवल्या," ती चहा ओतत म्हणाली.

"का गं?"

"चार महिने ती डबी मला एकच सांगतेय की मी डुलते. टीं, टीं, टीं. या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं मी खांब आहे. शनिवारी फायनल आहे, मी एकोणीस वर्षं कॅप्टन आहे. मी खेळणार."

"एव्हिस, तो भामटा आहे."

"असेल. पण मी हलले नाही ना? त्याने मला दाबलं तेव्हा मी हलले का? तू बघितलंस."

"बघितलं. कसं झालं ते कळलं नाही."

"मग गप्प बस, ग्वेंडा. तुला काय, तुझं घर थोडंच कुणी विकतंय?"

मी चहा तसाच ठेवून उठले.

बुधवारी सरावाला ती काठीशिवाय आली. मैदानाच्या कडेला पन्हळ असते, तिच्यावरून खाली हिरवळीवर पाय टाकायचा असतो. एव्हिसने कठडा न धरता पाय टाकला आणि गुडघा वळला. डेस्मंडने मागून तिच्या जाकिटाची कॉलर पकडली. तो अर्धा हात लांब असता तर फायनल, घर, सगळं तिथेच संपलं असतं.

ती पांढरी पडली होती. खाली बघून म्हणाली, "पट्टा फिरला होता. छोटं वर्तुळ बाहेर गेलं होतं."

आणि सहा शहाण्यासुरत्या माणसांनी मान डोलावली! "हो हो, उलटा कल," डेस्मंड म्हणाला. "टेपने चिकटव." एकाने खरंच टेप आणली.

माझं डोकं फिरलं. मी तिथे काय काय बोलले ते लिहीत नाही. घरी आल्यावर बसवेना, उभं राहवेना. मी शेजारणीला स्वयंपाकघरात हात पसरून उभं केलं आणि दाबून बघितलं. कधी पडायची, कधी नाही. ती म्हणाली, "ग्वेंडा, पुरे, माझा खांदा गेला." मी विचार करत राहिले. काट्यावर मी काय बघायची? ट्रक नाही. ट्रककडे सगळेच बघतात. मी ड्रायव्हरकडे बघायची. क्लबात दीडशे माणसांनी डेस्मंडच्या पायांकडे बघितलं होतं, मीसुद्धा. आम्ही बोल्स खेळणारे! समोरच्याचा चेंडू कुठे जाणार हे आम्ही जन्मभर त्याच्या मनगटावरून ओळखतो आणि त्या दिवशी एकानेही टॉलिव्हरच्या मनगटाकडे पाहिलं नाही.

मी मेलेला फोन केला. एव्हिसच्या पडता पडता वाचण्याचं ऐकून ती घाबरली.

"आंटी, तो दोन्ही वेळा एकाच दिशेने दाबतो का?"

"तेच तर दिसत नाही."

"माझ्या डबीला दिसेल. पण ती त्याच्या हाताला बांधावी लागेल. तो बांधू देईल?"

"देईल," मी म्हटलं. "मान दिला की देईल."

पुढच्या शुक्रवारी टॉलिव्हर दुप्पट खोकी घेऊन आला. मी स्वतः माइक घेतला. म्हटलं, "टॉलिव्हरसाहेबांच्या तळहातातून शक्ती वाहते असं ते म्हणतात. आपल्या मेलेकडे ती मोजायचं यंत्र आहे. साहेबांची परवानगी असेल तर आज ती शक्ती मोठ्या पडद्यावर दाखवूया."

टॉलिव्हर फुलला. "विज्ञानाला आपली कधीच भीती नाही!" म्हणत त्याने उजवा हात पुढे केला. मेलेने डबी त्याच्या पंजाच्या पाठीला बांधली. पडद्यावरची घोड्यांची शर्यत बंद झाली म्हणून दोघे चिडले, बाकी सगळे पडद्याकडे वळले.

"मी उभी राहते," एव्हिस म्हणाली. मी नको म्हणायच्या आत ती मध्ये गेलीसुद्धा. मेले तिच्या मागे हात पसरून उभी राहिली.

पट्ट्याशिवाय, दोन बोटं. पडद्यावर बाण उमटला, खाली आणि बाहेर, एव्हिसच्या अंगापासून दूर. एव्हिस कलंडली, मेलेने झेलली. मग पट्टा. पंजा, लालबुंद चेहरा, टाचा वर. बाण पुन्हा उमटला. खाली आणि आत, एव्हिसच्या पायांकडे. आणि पंजा या वेळी मनगटावर नव्हता, कोपराजवळ होता.

"दिसलं?" मेले म्हणाली. "पहिल्या वेळी हे आंटींना बाहेर ओढतात. दुसऱ्या वेळी त्यांच्याच पायांवर रेटतात. असं रेटल्यावर कुणीच पडत नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पण टॉलिव्हर कच्चा नव्हता. "बघितलंत!" तो ओरडला. "पट्ट्याने माझ्या हाताची दिशा फिरवली! यंत्रानेच सिद्ध केलं!"

आणि काय सांगू, निम्मी माणसं टाळ्या वाजवायला लागली.

तेव्हा मी पिशवी उघडली. आत आम्ही सामन्याला घालतो तसले पांढरे मोजे होते, सहा, तोंडं शिवलेले. "यातल्या तीनमध्ये तुमचे पट्टे आहेत," मी म्हटलं, "आणि तीनमध्ये नळाचे रबरी वॉशर. कशात काय आहे ते फक्त माझ्या कागदावर आहे. सहा माणसं, सहा गुडघे, प्रत्येक गुडघ्याला एकेक मोजा बांधू. तुम्ही दाबा, कोण खांब आणि कोण खरखरणारा रेडिओ ते सांगा."

टॉलिव्हरने घड्याळ बघितलं. "असं शिवलेल्या मोज्यातून फ्रिक्वेन्सी—"

"गेल्या शुक्रवारी तू म्हणालास पँटवरून चालतं," डेस्मंड म्हणाला.

"शिवाय इथले स्पीकर—"

"बंद करतो. दाब."

दीडशे माणसं बघत होती आणि दार डेस्मंडच्या पाठीमागे होतं. टॉलिव्हरने दाबलं. सहाही जणांना दाबून झाल्यावर मी एकेक मोजा कात्रीने उसवला. खांब म्हणून गौरवलेल्या तिघांपैकी दोघांच्या गुडघ्याला वॉशर होते. रेडिओ म्हणून आडव्या झालेल्या तिघांपैकी दोघांच्या मोज्यातून काळे पट्टे निघाले.

"छोटं वर्तुळ आत होतं का बघा," मागून कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदा हशा टॉलिव्हरवर झाला.

मग मी डेस्मंडला बोलावलं. मेलेने फोनवर दिशेचं विचारल्यापासून एक सबंध दुपार शेजारणीच्या खांद्यावर काढली होती, आता मला जमत होतं. दोन बोटं मनगटावर, किंचित बाहेर, डेस्मंड आडवा. मग पंजा कोपराजवळ, किंचित आत, मी अक्षरशः त्याच्या हाताला लोंबकळले आणि तो ढिम्म. पट्टा नाही, म्हातारा नाही, पाणबुडी नाही. "माझ्या दुसऱ्या हातात लॅमिंग्टन आहे," मी लोकांना केक दाखवला, "हवं तर त्याची शक्ती समजा." एवढा वेळ नळ उघडल्यासारखं बोलणारा टॉलिव्हर खोकी उचलत होता. ज्यांनी पट्टे घेतले होते त्यांना नोटा परत केल्याशिवाय डेस्मंड दारातून हलला नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माणसं ती माणसंच. टॉलिव्हरची गाडी रस्त्याला लागली नसेल तोच मेलेभोवती गराडा पडला.

"ही डबी कितीला आहे गं?"

"दिवसभर बांधली तर चालेल का?"

"डाव्या गुडघ्याला बांधायची की उजव्या?" हा डेस्मंड.

मेले इतकी चिडलेली मी कधी पाहिली नाही. "डबी कुणालाही बरं करत नाही!" ती ओरडली. "बांधून झोपलात तर डबी पण झोपेल! ती फक्त दाखवते. उभं तुम्हाला राहायचंय, रोज, महिनोन्‌महिने, कंटाळा आला तरी. आणि झिजलेला गुडघा नवा होणार नाही. पडायचं प्रमाण कमी व्हावं, एवढ्यासाठी ही खटपट आहे. विकत घ्यायचं असं यात काही नाही."

गराडा जरा विरला. स्वस्तातलं आश्चर्य न मिळाल्यावर विरतो तसा.

एव्हिसने पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता माझ्यावर आग पाखडेल, तिच्या हातातलं खेळणं मी हिसकावलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मेले," ती म्हणाली, "सरळ सांग. उद्या मी खेळू का?"

मेले म्हणाली, "दहा दिवस सराव बुडालाय, आंटी. बुधवारी पाय वळलाय. नको."

एव्हिस उद्याच्या संघाची नावं लिहिलेल्या फळ्याकडे गेली. कॅप्टनच्या रकान्यात तिचं नाव होतं. तिने ते तळव्याने पुसलं आणि खडूने माझं लिहिलं. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

मग ती लोकांकडे वळली. "मला कुणी फसवलं नाही," ती म्हणाली. "मीच फसायला उभी होते. मला 'हो' ऐकायचं होतं आणि तो 'हो' विकत होता. ही पोरगी चार महिने मला फुकटात 'नाही' म्हणत होती, म्हणून मी तिच्या डब्या परत पाठवल्या. घर जायच्या भीतीने मी ते घर घालवायलाच निघाले होते. तुमच्यात कुणी असेल असं घाबरलेलं, तर मंगळवारी दहाला या. लाजू नका, तिथे सगळेच डुलतात."

शनिवारी आम्ही फायनल हरलो. मी अत्यंत वाईट खेळले आणि एव्हिसने खुर्चीतून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

तुमच्या गावातही असा कुणी येईल. त्याच्या हातात पट्टा नसेल, दोरा असेल, अंगठी असेल, पाणी असेल. त्याला शिव्या देऊ नका, फक्त परीक्षा मागा. कुठली वस्तू खरी आणि कुठली खोटी हे त्याला कळू देऊ नका आणि मग त्याला चमत्कार करायला सांगा. जे खरं असतं ते या परीक्षेला उतरतं, आणि प्रामाणिक माणूस, उतरलं नाही तर, निदान तसं कबूल करतो. आणि मुख्य म्हणजे आपण घाबरलेले असू तेव्हा दुप्पट डोळे उघडे ठेवा, कारण ही मंडळी नेमकी तेव्हाच येतात.

एव्हिस अजून तिच्याच घरात राहते. मंगळवारच्या खोलीत आता चौदा माणसं असतात आणि टीं टीं आवाजाने डोकं उठतं. काल ती दुखऱ्या पायावर बावीस सेकंद उभी राहिली आणि तिला कुणीही हात लावलेला नव्हता.